स्तनच्छेदनोत्तर शोथ व वेदना : वैद्याचे कार्य आणि मर्यादा

स्तनार्बुदावर शस्त्रकर्म झालेली रुग्णा काही दिवसांतच रुग्णालयातून घरी येते आणि तिच्या पुढील बऱ्याच तक्रारी ओळखीच्या वैद्याच्या कानावर पडतात. काखेत ओढ लागते, दंड बधिर वाटतो, हात जड होतो, बांगडी निघत नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही, अशा या तक्रारी असतात. शस्त्रकर्म करणारे शल्यतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मुंबई-पुण्यास असतात, वैद्य मात्र चार घरांवर असतो. त्यामुळे ही रुग्णा आपल्याकडे येणार हे गृहीत धरून आपली तयारी असली पाहिजे. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनार्बुदाचे नव्याने निदान झाले. हा आकडा पाहता तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यासही अशी रुग्णा अपवादात्मक राहिलेली नाही.

सदर लेखात अर्बुदाच्या मूळ चिकित्सेचा विचार केलेला नाही. तो कर्करोगतज्ज्ञांचा विषय आहे. शस्त्रकर्मानंतरचा शोथ व वेदना यांचे निदान, परिचर्या आणि त्यात आपणांकडून होऊ शकणारे प्रमाद एवढ्यापुरताच हा लेख मर्यादित आहे.

प्रमादाचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला आहे. व्यवसायाच्या प्रारंभीच्या काळात, शस्त्रकर्मास दीड वर्ष झालेली एक रुग्णा हाताच्या शोथासाठी आमच्याकडे आली. कफवातज शोथ असे निदान करून आम्ही पुनर्नवादि क्वाथ, निर्गुंडी तेलाचे जोरकस मर्दन व नाडीस्वेद अशी योजना केली. सहाव्या दिवशी हात लाल व उष्ण झाला आणि थंडी वाजून ज्वर आला. तिला रुग्णालयात दाखल करून शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. ती बरी झाली. परंतु हाताचा घेर पूर्वीच्या मापावर पुन्हा आला नाही. रुग्णेने आम्हांस दोष दिला नाही. तथापि शोथ कोणत्या जातीचा आहे हे न ओळखता स्वेदन केले, ही चूक आमचीच होती.

१. शस्त्रकर्माचे स्वरूप

संपूर्ण स्तन काढताना बहुधा काखेतील लसीकाग्रंथींचीही तपासणी वा छेदन केले जाते. काखेतील बहुतेक ग्रंथी काढल्या की हात, छातीची ती बाजू व पाठीचा वरचा भाग येथून येणाऱ्या लसीकेचा नेहमीचा मार्ग खंडित होतो. अलीकडे निवडक रुग्णांत प्रथम एक-दोन प्रहरी ग्रंथी काढून तपासतात व त्या निर्दोष असल्यास उर्वरित ग्रंथी तशाच ठेवतात. या फरकाचे महत्त्व मोठे आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात, काखेतील ग्रंथींचे छेदन झालेल्यांत हाताचा लसीकाशोथ सुमारे २० टक्के, तर केवळ प्रहरी ग्रंथी काढलेल्यांत ५ ते ६ टक्के आढळला. म्हणून 'ग्रंथी किती काढल्या व किरणोपचार काखेस दिले का' हे दोन प्रश्न वैद्याने प्रथम भेटीतच विचारावेत आणि रुग्णालयाचे कागद स्वतः पाहावेत.

काखेतून दंडाच्या आतील बाजूस जाणारी एक संवेदी नाडी या शस्त्रकर्मात ताणली वा तुटली जाते. दंडाच्या आतील भागातील बधिरता, मुंग्या व जळजळ यांचे ते प्रमुख कारण आहे.

२. शोथाचे कालानुरूप भेद

या रुग्णेत 'शोथ' हा एक शब्द पाच-सहा निरनिराळ्या अवस्थांस लावला जातो. काळ हा त्यांतील भेद ओळखण्याचा सर्वांत सोपा निकष आहे.

(अ) पहिले काही दिवस : व्रणाच्या आसपासचा शोथ स्वाभाविक असतो व क्रमाने उतरतो. पहिल्या एक-दोन दिवसांत छातीवर एकाएकी ताणलेली, निळसर, दुखरी सूज आल्यास आत रक्त साचल्याची शंका घ्यावी.

(आ) पहिले काही आठवडे : निचरा-नळी साधारणपणे २४ तासांतील स्राव २० ते ३० मिलिलिटरच्या खाली आल्यावर काढतात. त्यानंतर छातीवर वा काखेत पाण्याच्या पिशवीसारखी हलणारी, फारशी न दुखणारी सूज येते, ती सिरोमा होय. लहान असल्यास ती आपोआप जिरते. मोठी वा ताण देणारी असल्यास शल्यतज्ज्ञ सुईने स्राव काढतात. वैद्याने येथे लेप, दाब किंवा वेधन करू नये.

(इ) कोणत्याही वेळी : लाली, उष्णता, पसरणारी वेदना व ज्वर हे जंतुसंसर्गाचे लक्षण आहे. विसर्पासारखा पसरणारा हा शोथ लसीकामार्ग खंडित झालेल्या हातात काही तासांत वाढतो.

(ई) काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत : खरा लसीकाशोथ. बहुतेक रुग्णांत तो पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतो, तथापि पुढेही येऊ शकतो. प्रारंभी सूज दिसण्यापूर्वीच हात जड वाटणे, अंगठी वा बांगडी घट्ट होणे, झंपराची बाही आवळणे अशी लक्षणे असतात. या अवस्थेत सूज दाबल्यास खड्डा पडतो व हात उंच ठेवल्यास ती उतरते. पुढे मेद व तंतू वाढून हात कठीण होतो आणि मग ती सहजी उतरत नाही.

(उ) अकस्मात आलेला शोथ : विशेषतः रसायनोपचारासाठी शिरेत नळी घातलेली असल्यास, एक-दोन दिवसांत वाढलेला, निळसर, दुखरा शोथ हा शिरेतील रक्ताच्या गुठळीचा असू शकतो. अशा हातास मर्दन करणे घातक आहे.

(ऊ) उशिरा आलेला, तीव्र वेदनेसह वाढणारा शोथ : हाताची शक्ती कमी होत असल्यास काखेत व्याधी पुन्हा उद्भवल्याची शंका घेऊन तपासणीस पाठवावे.

मापनाची सवय वैद्याने अवश्य ठेवावी. मनगटापासून वर दर १० सेंटिमीटरवर दोन्ही हातांचा घेर शिंप्याच्या फितीने मोजून केसपत्रात लिहावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा हात किंचित मोठा असतोच. म्हणून शस्त्रकर्मापूर्वीचे माप मिळाल्यास उत्तम. एखाद्या ठिकाणी २ सेंटिमीटरहून अधिक फरक पडल्यास लसीकाशोथ समजून तज्ज्ञ भौतिकोपचारकाकडे पाठवावे. केवळ डोळ्यांनी पाहून 'सूज थोडीच आहे' असे म्हणण्यात महिने जातात आणि उतरणारा शोथ न उतरणाऱ्या अवस्थेत जातो.

३. वेदनेचे प्रकार

शस्त्रव्रणाची वेदना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ओसरते. तज्ज्ञांनी दिलेली वेदनाशामके त्या काळात वेळेवर घेतली तर रुग्णा हात हलवू शकते. वेदनेच्या भयाने हात न हलविल्यास खांदा आखडतो. म्हणून 'ती औषधे उष्ण आहेत, बंद करा' असा सल्ला देऊ नये. त्यांतील काहींमुळे होणारा मलावष्टंभ मात्र आपण सौम्य उपायांनी निश्चित दूर करू शकतो.

काखेपासून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, त्वचेखाली ताणलेल्या दोरीसारखे पट्टे दिसतात व हात वर करताना ओढ लागते. शस्त्रकर्मानंतर काही आठवड्यांत दिसणारे हे पट्टे घाबरविणारे असले तरी हळुवार ताणाच्या व्यायामाने बहुधा काही महिन्यांत नाहीसे होतात. त्यांवर जोराने दाब देऊन ते 'तोडण्याचा' प्रयत्न करू नये.

तीन महिन्यांनंतरही टिकणारी जळजळ, टोचणी वा विजेसारखी चमक ही नाडीजन्य वेदना होय. डेन्मार्कमध्ये ३,२५३ स्त्रियांची पाहणी करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, शस्त्रकर्मानंतर एक ते तीन वर्षांनीही ४७ टक्के स्त्रियांना वेदना असल्याचे आढळले. 'सर्व अहवाल चांगले आहेत, मग दुखते कसे?' असे घरचे लोक विचारतात. ही वेदना काल्पनिक नाही, हे वैद्याने त्यांच्यासमक्ष सांगावे. रुग्णेस त्याचा मोठा आधार होतो. काढून टाकलेल्या स्तनाच्या जागीच वेदना वा खाज जाणवणे हेही काही स्त्रियांत घडते. लाजेमुळे त्या ते बोलत नाहीत, म्हणून आपणच विचारावे.

रजोनिवृत्तीनंतरच्या अनेक रुग्णांना पुढे काही वर्षे संप्रेरकविरोधी गोळ्या घ्याव्या लागतात. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आदी गोळ्यांमुळे सकाळी बोटे आखडणे व सांधे दुखणे सामान्य आहे. आमवात समजून त्यावर चिकित्सा सुरू करण्यापूर्वी कोणती गोळी चालू आहे हे पाहावे. त्रास असह्य असल्यास गोळी बदलण्याचा निर्णय तज्ज्ञांनी घ्यावयाचा असतो. वैद्याच्या शब्दावरून रुग्णेने गोळी सोडली, असे कदापि होऊ नये.

४. शास्त्रीय विचार

चरकाचार्यांनी त्रिशोथीय अध्यायात शोथाचे निज व आगंतु असे भेद सांगताना छेदन-भेदनादी कारणांचा समावेश आगंतूत केला आहे. आगंतु शोथात प्रथम व्यथा व नंतर दोषांचा अनुबंध होतो. शस्त्रकर्मोत्तर शोथाचा विचार याच क्रमाने करणे युक्त होय. दिवसा वाढणारा व चल असा वातज, आणि गुरू, स्थिर असा कफज शोथ, ही वर्णने लसीकाशोथाच्या आरंभीच्या व उत्तरकालीन अवस्थांशी बरीच मिळतीजुळती आहेत. तथापि हे लक्षणसाम्य आहे, निदानाची खात्री नव्हे.

मुख्य मुद्दा संप्राप्तीचा आहे. येथे उदकाची वृद्धी हे मूळ नसून मार्गाचा छेद झाल्यामुळे उत्पन्न झालेला संग हे मूळ आहे. साचलेला द्रव प्रथिनयुक्त असतो. मूत्रल औषधांनी शरीरातील पाणी व क्षार कमी होतात, परंतु ही प्रथिने तेथेच राहतात व शोथ पुन्हा भरतो. म्हणूनच आधुनिक वैद्यकातही लसीकाशोथात मूत्रल औषधांचा दीर्घकाळ वापर निरुपयोगी मानतात. पुनर्नवा, गोक्षुर इत्यादी द्रव्यांची सर्व शोथांवर सरसकट योजना करण्याची आपली सवय येथे बाजूस ठेवावी.

सुश्रुताचार्यांनी वक्षावरील स्तनमूल व स्तनरोहित, तसेच वक्ष व कक्षा यांमधील कक्षधर मर्म सांगितले आहे. कक्षधर हे वैकल्यकर मर्म होय. या प्रदेशात शस्त्र चालल्यानंतर हाताच्या कार्यास बाधा येऊ शकते, ही जाणीव प्राचीनांस होती. व्रणितोपासनीय अध्यायातील परिचर्या तर आजही तितकीच उपयुक्त आहे. स्वच्छ गृह व शय्या, प्रिय बोलणाऱ्या सुहृदांचा सहवास आणि दिवास्वापाचा निषेध हे तेथे आवर्जून सांगितले आहे. दिवास्वापाने गौरव, शोथ, वेदना व स्राव वाढतात असे आचार्य म्हणतात. आवश्यक विश्रांती नाकारणे असा याचा अर्थ नव्हे. दिवसभर अंथरुणास खिळून राहू नये, एवढा बोध त्यातून घ्यावा.

५. परिचर्या

पहिले आठवडे : झोपताना हात उशीवर, हृदयाच्या पातळीहून किंचित वर ठेवावा. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी १५ ते २५ वेळा मूठ उघडझाप करावी. कोपर दुमडावे व सरळ करावे. नळी निघेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नये. त्यानंतर शल्यतज्ज्ञांच्या संमतीने भिंतीवर बोटे चढवीत हात वर नेण्याचा व्यायाम रोज करावा. संथ, खोल, उदरापर्यंतचा श्वास लसीकावहनास साहाय्य करतो. सावकाश दीर्घश्वसन म्हणून तो आपण सहज शिकवू शकतो. कुंभक व बलपूर्वक क्रिया टाळाव्यात.

त्वचा व व्रणवस्तू : टाके पूर्ण भरून आल्यावर, साधारण सहा आठवड्यांनंतर व तज्ज्ञांच्या अनुमतीने, साध्या खोबरेल तेलाचा अतिशय हलका हात व्रणवस्तूवर फिरवावा. बधिर व हुळहुळ्या भागावर प्रथम मऊ रेशमी, मग सुती, मग किंचित खरखरीत कापड रोज काही मिनिटे फिरविल्यास स्पर्शासहत्व हळूहळू कमी होते. किरणोपचार चालू असता तज्ज्ञांनी सांगितलेल्याखेरीज काहीही लावू नये.

लसीकाशोथ आढळल्यास : त्वचेची निगा, प्रशिक्षित हातांनी केलेले लसीकानिस्सारक मर्दन, बहुस्तरीय पट्टबंधन व त्यानंतर मापाने घेतलेली दाबबाही, आणि व्यायाम ही चतुःसूत्री सर्वमान्य आहे. हे मर्दन आपल्या अभ्यंगाहून भिन्न आहे. ते त्वचेस जेमतेम सरकविण्याइतके हलके असते व प्रथम मान, धड आणि निरोगी बाजू मोकळी करून मग हाताकडे येते. केरळातील कासरगोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी या संस्थेने श्लीपदजन्य पादशोथात त्वचास्वच्छता, आयुर्वेदीय द्रव्ये, योगासने, हलके मर्दन व पट्टबंधन यांचा एकत्र उपयोग केला आहे. आयुर्वेदास या क्षेत्रात स्थान आहे हे त्यातून दिसते. मात्र तेथेही पट्टबंधन वगळलेले नाही, हे ध्यानात घ्यावे.

'हाताने काहीच करू नका' हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, लसीकाशोथ असलेल्या १४१ स्त्रियांवरील अमेरिकेतील प्रयोगात, देखरेखीखाली हळूहळू वाढविलेल्या वजनाच्या व्यायामाने शोथ वाढला नाही, उलट त्याचे उद्रेक कमी झाले. मात्र शस्त्रकर्मानंतर लगेच भरलेली कळशी उचलणे हा व्यायाम नव्हे.

गृहकृत्यांतील दक्षता : भांडी घासताना रबरी हातमोजे वापरावेत, विळीवर काम करताना, तव्याजवळ व शेतात काट्याकुट्यात जपावे. लहानशी जखमही साबण-पाण्याने धुऊन झाकावी. घट्ट बांगड्या, अंगठी व आवळ बाही त्या हातावर नको. डाव्या बाजूचे शस्त्रकर्म झालेल्या स्त्रीस खांद्यावरील जड पदराची ओढ लागते. तिने हलकी सुती साडी वापरावी.

आहार : शस्त्रकर्मानंतर 'ताकद यावी' म्हणून डिंकाचे लाडू, शिरा व तूप यांचा मारा होतो आणि दोन-तीन महिन्यांत वजन वाढते. स्थौल्य हे लसीकाशोथाचे ज्ञात वाढविणारे कारण आहे. मूग, इतर डाळी, दूध, ताक, भाज्या व मांसाहारी असल्यास अंडी, मासे यांतून प्रथिने द्यावीत. मधुर-स्निग्धाचा अतिरेक टाळावा.

६. या हातावर काय करू नये

१) नाडीस्वेद, उष्ण पोटली, गरम लेप वा शेक. उष्णतेने रक्ताचा ओघ वाढतो व खंडित मार्गावर भार पडतो.
२) सिराव्यध, जलौकावचारण, प्रच्छान व अग्निकर्म. जळूच्या आतड्यात निसर्गतःच काही जंतू असतात. लसीकाशोथाच्या हातात त्यांचा संसर्ग गंभीर ठरू शकतो.
३) बलपूर्वक मर्दन.
४) फुटलेल्या, ओल्या वा किरणोपचारित त्वचेवर दशांगलेपासह कोणताही लेप. शस्त्रवेदनेवर कोष्ण यष्टीमधुघृताचा परिषेक सुश्रुतोक्त असला, तरी आजच्या शिवलेल्या, नळी असलेल्या व्रणावर तो करू नये.
५) दुसरा हात उपलब्ध असता या हातात सुई टोचणे. रक्तदाब मोजण्याविषयीची भीती अलीकडील अभ्यासांनी कमी केली आहे. तरी शक्य तेथे दुसराच हात वापरावा.

७. औषधयोजना व औषधविक्री

यष्टीमधु : दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास शरीरात क्षार व पाणी साचते, रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. शोथाच्याच रुग्णेस शोथ वाढविणारे द्रव्य दिले जाऊ नये. यष्टीमधु व शतावरी यांत स्त्रीसंप्रेरकसदृश घटक असल्याने संप्रेरकाश्रित अर्बुदाच्या रुग्णेत तज्ज्ञांना विचारल्याखेरीज ती देऊ नयेत.

हरिद्रा : स्वयंपाकातील हळदीची भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु हळदीच्या अर्काच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या वेगळ्या. नेदरलँड्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या लहान अभ्यासात अशा अर्काबरोबर टॅमॉक्सिफेनच्या कार्यकारी घटकाची रक्तातील पातळी घटली, आणि मिऱ्यातील पायपेरीन सोबत दिल्यावर ती अधिक घटली. त्रिकटुयुक्त कल्प देताना हे स्मरणात असावे.

गुग्गुळकल्प व लसूण : रक्तस्रावाची शक्यता वाढविणारी द्रव्ये शस्त्रकर्माच्या आगेमागे बंद ठेवावीत, कोणतेही औषध चालू असल्यास शल्यतज्ज्ञांस कळवावे.

रसकल्प : रसायनोपचार चालू असता यकृत व वृक्क यांवर आधीच ताण असतो. आरोग्यवर्धिनीसारखे पारदयुक्त कल्प त्या काळात टाळणे श्रेयस्कर.

औषधी दुकानाच्या मालकांस विशेष विनंती आहे. कोणी 'शस्त्रक्रिया झाली आहे, काखेत पुन्हा गाठ लागते, कांचनार गुग्गुळ द्या' असे म्हणत आल्यास डबी पुढे सरकवू नये. गाठ तपासून घेण्यास त्याच आठवड्यात पाठवावे. ग्राहक गेला तरी चालेल, काळ जाता कामा नये. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे. तशी पत्रके दुकानात लावू नयेत.

८. त्वरित पाठवावयाची लक्षणे

हातास लाली व ज्वर; एकाएकी वाढलेली निळसर सूज; व्रणातून पू वा दुर्गंधी स्राव; छातीत दुखून धाप लागणे; हाताची शक्ती वा बोटांची पकड कमी होणे; काखेत, मानेत वा व्रणवस्तूवर नवी गाठ; विश्रांतीनेही न थांबणारी हाडातील वेदना. यांपैकी एकही लक्षण असता 'दोन दिवस काढा घेऊन पाहू' हा विचार मनात आणू नये.

समारोप

सारांश, या रुग्णेसाठी वैद्याने करावयाची कामे पुष्कळ आहेत. हात मोजणे, व्यायाम चालू ठेवावयास लावणे, आहार सांभाळणे, मलावष्टंभ व अनिद्रा यांचे सौम्य उपचार करणे, तिचे म्हणणे ऐकणे व धोक्याचे लक्षण वेळीच ओळखणे ही सारी कामे आपल्या हातची आहेत. त्यांपैकी कशासही उग्र औषधाची वा स्वेदनयंत्राची आवश्यकता नाही. प्रत्येक वैद्याने आपल्या चिकित्सालयात एक मापनफीत व तज्ज्ञ भौतिकोपचारकाचा पत्ता ठेवावा, आणि अशी पुढील रुग्णा येताच औषधाचा विचार करण्यापूर्वी तिचे दोन्ही हात मोजावेत, अशी आमची नम्र विनंती आहे.